पूर्वेकडचे सॅक्सन

तीन नंबरच्या संगणकासमोर एल्वुड थिबोडो,
वय अठ्ठ्याहत्तर, लोकरी टोपी अजून डोक्यावर,
दोन बोटांनी टाइप करतो आईच्या माहेरचा मुलूख.
एसेक्स.
पडद्यावर लाल पंजा उगवतो:
अश्लील मजकूर. प्रवेश नाही. आपली नोंद झाली आहे.

तेव्हा तो टोपी काढतो,
कोर्टात काढावी तशी.
त्याला कमी ऐकू येतं, म्हणून जरा मोठ्यानेच सांगतो,
'मी तसलं काही बघत नव्हतो, बाई.'
वर्तमानपत्रांच्या रॅकपाशी दोन माना वर होतात
आणि फार सावकाश खाली जातात.

व्हरमाँटमधलं आमचं गाव, मार्च महिना, बर्फ विरघळून नुसता चिखल.
तीन वर्षांपूर्वी वाचनालयाचं छप्पर गळत होतं
म्हणून गाळणी आली.
म्हणजे, गाळणी बसवली तरच अनुदान, आणि अनुदानाशिवाय छप्पर नाही.
मुलांच्या रक्षणासाठी, असं ठरावात लिहिलं आहे.
ठरावाला हात वर केला होता
मीसुद्धा.

गाळणीला इतिहास येत नाही.
एसेक्स म्हणजे पूर्वेकडचे सॅक्सन;
होड्यांतून आले, दलदलीच्या कडेला राहिले,
डुकरं पाळली, पोरं वाढवली, मेले.
कोणीतरी पुढे आपल्या नावाच्या पोटात हात घालून
नेमकी तीन अक्षरं बाहेर काढील
आणि म्हातारपणी एका माणसाला चारचौघांत दाखवील,
हे कुठल्या सॅक्सनाच्या स्वप्नात आलं असेल?

कोंबडीच्या छातीची पाककृती अडते.
एका इवल्या पिवळ्या पक्ष्याचं नाव अडतं.
पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात मात्र नाचत आत येते,
तिच्या अंगावर पूर्ण कपडे असतात ना.
चोर सुटला,
आणि संन्यासी इथे टोपी चुरगाळत उभा.

पासवर्ड माझ्याकडे नाही.
अर्ज करा, कामाचे दोन दिवस लागतील.
मी तळघरातून जुना नकाशासंग्रह आणला,
दोन्ही हातांनी उचलावा लागतो असा.
एल्वुडचं बोट किनाऱ्याकिनाऱ्याने चाललं,
खाडीच्या तोंडाशी थांबलं.
छापील नाव तिथेच होतं, कोणालाही न घाबरता.
'आई म्हणायची, तिकडचा चिखलही असाच.
पाय सोडतो, बूट ठेवून घेतो.'
आणि तो इतका हसला
की रॅकपाशी माना पुन्हा वर झाल्या.

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं.

पाच नंबरवर एक मुलगी होती.
नाव सांगणार नाही, आमच्या धंद्याचा तेवढा एक धर्म.
चौदा असेल, फार तर पंधरा.
तिच्याही पडद्यावर तोच लाल पंजा.
तिने मागे वळून पाहिलं नाही,
मी तसलं काही, असंही म्हणाली नाही.
हुडी पुढे ओढली, दप्तर उचललं,
दार आपटू नये म्हणून हाताने धरून लावलं.

संध्याकाळी नोंदींमध्ये तिचा शब्द पाहिला.
पाहायला नको होता.
डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात तसला साधा शब्द,
पुढे प्रश्नचिन्ह.

तिला कुठला नकाशा काढून देऊ?
मी तिच्या आईची मैत्रीण नाही, शाळेतली नर्स नाही.
दुसऱ्या दिवशी पाच नंबरपाशी
एक पुस्तक विसरले.
मुद्दाम विसरले, एकशे बारावं पान दुमडून.

शुक्रवारी ती आली नाही. सोमवारी मला सुट्टी होती.
मंगळवारी पुस्तक फडताळात,
आपल्या जागी, कणा बाहेर.
एकशे बाराची दुमड कोणीतरी
अंगठ्याने दाबून दाबून
सरळ केली होती.